माझ्या पोटातली निळी बुरशी

मित्रांनो, मी फ्रिज आहे आणि जुना आहे. जुना म्हणजे मोडका नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी आहे, हँडलचा एक स्क्रू कधीच गळून पडलाय आणि सुरू होताना मी जरा खाकरतो. पण दूध माझ्यात नासलं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगावं!

कारखान्यात माझा पत्रा वाकवला, भिंतींत फोम भरला, पाठीला जाळी लावली आणि तीन दिवस चालवून बघितल्यावरच मला बाहेर सोडलं. या घरात मला आईंनी आणलं. आई म्हणजे घरातल्या थोरल्या बाई. तेव्हा आमच्या मजल्यावर दुसऱ्या कुणाकडे फ्रिज नव्हता. शेजारणी बर्फासाठी वाट्या घेऊन यायच्या, आणि आई माझं दार अशा काही तोऱ्यात उघडायच्या, की जणू बर्फ त्यांनीच फुंकर मारून केलाय. आता माझ्या डोक्यावर औषधांची टोपली, जुन्या पावत्या आणि एक बंद घड्याळ. असो.

मग सून आली. आल्या आल्या तिने नवऱ्याला विचारलं, "हा अजून चालतो?" हे मी विसरलेलो नाही. त्या दिवसापासून माझी तिच्यावर नजर होती.

सून लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांच्या चादरी दिवसभर वाफेच्या इस्त्रीखाली सरकवायच्या, हे तिचं काम. गुरुवारी ती सगळ्यांच्या आधी घरी येते. अशाच एका गुरुवारी तिने पिशवीतून एक चपटं पाकीट काढलं. सुपरमार्केटमधलं, सगळ्यात स्वस्त, वर सवलतीची पिवळी पट्टी. तिने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ते आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घालून कोबीच्या मागे सारलं.

चांगली वस्तू कोण दडवतं, तुम्हीच सांगा. मी वास घेतला. धड दुधाचा नाही, धड गोठ्याचा नाही. पांढऱ्या तुकड्यात निळ्या-हिरव्या शिरा. बुरशी! बाजारातून आयती बुरशी विकत आणली होती बाईने! माझी खात्रीच पटली. सडकं माझ्या पोटात ठेवायचं, मग "फ्रिज बिघडला" म्हणून बोंब मारायची आणि मला हाकलून चकचकीत दोन दारांचा आणायचा. काय डोकं!

एकच कोडं सुटेना. ती त्यातला नखाएवढा तुकडा कापायची, पावाच्या कडेवर ठेवायची आणि मला पाठ टेकून, चपला काढून, डोळे मिटून सावकाश चघळायची. पाच मिनिटं. तेवढ्यात फोन वाजला तरी घ्यायची नाही. मला वाटलं, विषाची सवय करून घेते की काय!

आता आईंची एक रीत ऐका. दर रविवारी सकाळी त्या माझ्यातला एकेक डबा उघडून नाकाशी नेतात. पाकिटावरच्या तारखेवर त्यांचा विश्वास नाही. "छापणारा काहीही छापेल," म्हणतात. त्या रविवारी कोबी संपला होता. डबा समोरच आला.

"अगं बाई! लोणी निळं पडलंय!"

"काय झालं, आई?" त्यांचा मुलगा आला.

"काय व्हायचंय? तुझा फ्रिज थंड करत नाही. भंगारवाल्याला बोलाव. आत्ता."

"आधी मेकॅनिकला दाखवू या की."

"त्याला काय दाखवतोस? हे बघ आणि सांग, ह्यातलं दूध तू पिशील?"

सून रविवारच्या पाळीला गेली होती. आईंनी दूध मोरीत ओतलं, अंडी टाकली, आणि तो डबा मात्र पुराव्याला ओट्यावर ठेवला. मग ज्या हातांनी मला घरात आणलं, त्याच हातांनी त्यांनी माझी वायर उपटली. मित्रांनो, माझा आतला दिवा विझला.

दुपारी भंगारवाला मेहुण्याला घेऊन आला. दोघांनी माझ्या कमरेला दोर आवळला. तेवढ्यात सून दारात उभी. तिने दोर बघितला, ओट्यावरचा डबा बघितला. मी मनात म्हटलं, झालं ना मनासारखं? आता नुसती गप्प राहा.

"थांबा," ती म्हणाली. "फ्रिज चांगला आहे. ते माझं आहे."

"सडकं लोणी तुझं?"

"लोणी नाही, आई. चीज आहे. त्यात बुरशी मुद्दाम घालतात."

"आणि तू ती मुद्दाम खातेस? आम्ही उपाशी ठेवतो का गं तुला?"

सुनेचे कान लाल झाले. "तसं नाही हो. आठवड्यातून एकदाच. या घरात मी कुणाला न विचारता आणलेली तेवढी एकच वस्तू आहे."

भंगारवाल्याचा मेहुणा मध्येच म्हणाला, "खाऊन दाखवा की, ताई."

तिने सुरीने तुकडा कापून खाल्ला. चौघं टक लावून बघत राहिले.

"उभ्या आहेत अजून," भंगारवाला म्हणाला.

आईंनी सुरी ओढून घेतली, टोकावर कणभर उचललं आणि जिभेला लावलं. तोंड वाकडं झालं. "खारट आहे मेलं." मग सुरी सुनेपुढे धरून म्हणाल्या, "एवढ्याशाने काय कळतंय? बरासा तुकडा दे."

तो संपल्यावर त्या भंगारवाल्याकडे वळल्या. "बघत काय राहिलात? सोडा तो दोर!"

सुनेबद्दल माझा अंदाज चुकला, कबूल करतो. ती गप्प राहिली असती तर आज मी पत्र्याच्या ढिगात असतो. आता तिचा डबा पुढच्या फळीवर उजळ माथ्याने बसतो. पण हल्ली त्यातलं चीज गुरुवारच्या आधीच झिजतं. कड इतकी सरळ कापलेली असते, की वाटावं मुळात तेवढंच होतं. सून नवऱ्याकडे संशयाने बघते. नवरा बिचारा शपथा घेतो.

तर मित्रांनो, फ्रिजच्या दाराचं रबर पुसत जा, पाठीची जाळी झाडा, गरम पातेलं आत ढकलू नका. आणि घरातल्या कुणी स्वतःपुरता एक लहानसा डबा ठेवला असेल, तर तो तिच्यापुरताच राहू द्या. हे मी तुम्हालाच सांगतोय, कारण आईंना सांगायची माझी छाती नाही.