नसलेल्या बॉम्बची आग

ऑस्टरवेन गावाबाहेरच्या हवाई तळावर, बंद शेडांमध्ये, अमेरिकेचे अणुबॉम्ब आहेत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. वाद होता तो फक्त आकड्याचा. न्हावी म्हणायचा वीस, खाटीक म्हणायचा पंधरा. सरकारचं उत्तर मात्र साठ वर्षं एकच होतं: आहेत असं आम्ही म्हणत नाही, नाहीत असंही म्हणत नाही. मंत्री आले नि गेले, टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले, पण त्या उत्तरात काना-मात्रेचा फरक पडला नाही.

ड्रीक फरबाकेलला या बॉम्बांशी काही घेणंदेणं नव्हतं. तो लोकांच्या घरची पाण्याची नळजोडणी नि हीटर दुरुस्त करायचा आणि बावीस वर्षं गावच्या अग्निशमन दलाचा प्रमुख होता. दल म्हणजे तरी कोण? गावातलीच नऊ माणसं. पट्ट्याला लावलेला पेजर वाजला की बेकरीवाला पाव भट्टीत टाकून पळणार, ड्रीक कुणाच्या तरी न्हाणीघरात नळ उघडा टाकून पळणार. तळाकडे स्वतःची गाडी होती, पण आग आवाक्याबाहेर गेली तर पहिलं बोलावणं ऑस्टरवेनला, असा जुना करार होता. बावीस वर्षांत ते बोलावणं आलं नव्हतं आणि ड्रीकनेही कधी त्याचा विचार केला नव्हता.

विचार सुरू झाला तो त्याची मुलगी लोनेका दलात आली तेव्हा. तेवीस वर्षांची, सडपातळ, गुरांच्या डॉक्टरकडे कामाला, बैलाला दोरीने आवरणारी पोर. भरतीच्या परीक्षेत पहिली आली. आता दलाचा नियम असा की, तोंडाला मास्क लावून आगीत सगळ्यात आधी शिरायचं ते सगळ्यात चपळ जोडीने. आपली मुलगी म्हणून तिला वगळलं असतं तर गावाने तोंडात शेण घातलं असतं. ड्रीकने स्वतःच्या हाताने फळ्यावर तिचं नाव पहिलं लिहिलं, घरी आला, आणि बटाटे सोलता सोलता त्याच्या मनात आलं: त्या शेडांना आग लागली तर ही पोर कशात शिरणार आहे?

त्याने संरक्षण मंत्रालयाला रीतसर पत्र लिहिलं. पाणी मारायचं की फेस? किती अंतरावर थांबायचं? अकरा आठवड्यांनी उत्तर आलं. साठा आहे की नाही हे सांगता येत नसल्यामुळे त्या साठ्याच्या आगीबद्दल सूचना देणं उचित ठरणार नाही, मात्र आपल्या जागरूकतेचं कौतुक वाटतं. सोबत विमानांची चित्रं असलेलं कॅलेंडर होतं.

"छान आहेत चित्रं," लोनेका म्हणाली. "पपा, एवढं काय डोक्याला लावून घेताय? आग ती आग."

ड्रीक गप्प बसणाऱ्यातला नव्हता. त्याने एका कागदावर साधी योजना लिहिली: तळावरच्या बंद शेडांना आग लागली, तर आत काय आहे हे कळेपर्यंत गावच्या दलाने सहाशे मीटरवर थांबावं. बस्स. कागद घेऊन तो गावसभेत गेला. कॉफी आली, प्रत्येकी एक बिस्किट आलं, डबा बंद झाला.

पहिला उठला खेस स्विंकेल्स. तळाची बाजू घ्यायला हा नेहमी बूट घालून तयार.

"ड्रीक, ही योजना मंजूर केली म्हणजे बॉम्ब आहेत असं आपण लिहून दिल्यासारखं होईल. शत्रू वाचतो असल्या गोष्टी."

"शत्रू ऑस्टरवेनच्या गावसभेचं इतिवृत्त वाचतो?"

"वाचत नसेल तर वाचायला लागेल."

"खेस, तुझा भाऊ तिथे गवत कापतो. तिसऱ्या बिअरनंतर तो शेडांचे नंबरसुद्धा सांगतो."

"त्याला बिअर चढते. सभेला चढून चालत नाही."

मग उठल्या आनेलीस रोयाकर्स. निवृत्त शिक्षिका. चाळीस वर्षं दर रविवारी तळाच्या फाटकासमोर 'अण्वस्त्रं हटवा' असा फलक घेऊन उभ्या राहायच्या, पावसात, बर्फात, तापातसुद्धा. ड्रीकला हायसं वाटलं. निदान या बाई तरी आपल्या.

"ड्रीक, तुझी तळमळ मला कळते," बाई म्हणाल्या. "पण आग कशी विझवायची हे ठरवलं म्हणजे बॉम्ब असायला आपली हरकत नाही असा अर्थ होतो. धोका सांभाळायचा नसतो रे, उपटून टाकायचा असतो. मी विरोधात मत देणार."

"बाई, तुम्ही मला पहिलीत अक्षरं शिकवलीत. तुमची बंदी येईपर्यंत आग लागली तर?"

"तर जगाचे डोळे उघडतील."

"माझी पोर आत असेल हो, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "लोनेका मला फार आवडते," त्या म्हणाल्या, आणि विरोधात हात वर केला.

अकरा विरुद्ध शून्य. वीस वर्षं एकमेकांना साधा नमस्कारही न करणाऱ्या स्विंकेल्स आणि बाईंनी हस्तांदोलन केलं. स्थानिक पेपरात त्यांचा फोटो आला: अणुप्रश्नावर अखेर गावाचं एकमत. ड्रीकने तो पेपर बूट सुकवायला वापरला.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता भोंगे वाजले. महिन्याच्या पहिल्या सोमवारी बाराला देशभर भोंग्यांची चाचणी असते, त्यामुळे गावात कुणी चीज-पावावरून मानही वर केली नाही. तळावरचा भोंगाही त्यातच धरला गेला. तेवढ्यात ड्रीकचा पेजर वाजला. पत्ता तळाचा होता.

गाडी बेकरीवाला टोन चालवत होता. फाटकावरचा शिपाई एरवी गावच्या पाद्र्यालाही ओळखपत्र विचारायचा. आज त्याने नुसताच हात हलवून आत घेतलं. पुढे बंद शेडांच्या रांगेमागून काळा धूर चढत होता. आणि त्या बाजूने सैनिक येत होते. आधी भराभर चालत, मग पळत. आधी आपले, मागून अमेरिकन. सगळ्यांच्या मागून तळाची स्वतःची आगीची गाडी, दिवे लावून, उलट्या दिशेने.

ड्रीकने खिडकीतून हात काढून ती थांबवली. आतल्या अधिकाऱ्याला विचारलं, "काय पेटलंय?"

"ते सांगता येत नाही."

"मग तुम्ही कुठे निघालात?"

"आम्हाला सहाशे मीटर मागे जायचा आदेश आहे."

"आणि आम्हाला?"

अधिकाऱ्याने मांडीवरचा कागद खरंच वरून खाली वाचला. बिचारा प्रामाणिक होता. "तुमच्यासाठी काही नाही. तुमच्या लेखी तिथे काही नाहीच ना. तुम्ही जाऊ शकता."

मागे लोनेका मास्क चढवून तयार बसली होती. "पपा, थांबलात कशाला? चला ना."

"टोन, गाडी वळव," ड्रीक म्हणाला.

"पपा, आत माणसं असतील."

"माणसं सगळी बाहेर पळतायत. डोळे आहेत ना तुला?"

"म्हणूनच कुणीतरी जायला हवं. टोन, वळवू नकोस."

टोनने वळवली. लोनेका मागच्या काचेवर मुठी आपटत राहिली आणि तिचा प्रत्येक शब्द गाडीतल्या रेडिओवरून जिल्ह्याच्या केंद्रापर्यंत ऐकू गेला. सहाशे मीटरवर, सैनिकांच्या घोळक्यात, आपलं दल उभं करून ड्रीकने धुराकडे पाहिलं. पाव तासात धूर आपोआप बसला. स्विंकेल्सच्या भावाचं गवत कापायचं यंत्र पेटलं होतं. मालक आधीच पळाला होता, त्यामुळे जीवितहानी नव्हती.

गावसभा तातडीने बसली. या वेळी बिस्किटंही आली नाहीत.

"साठ वर्षं जपलेलं गुपित याने दोन मिनिटांत फोडलं," स्विंकेल्स म्हणाला. "गाडी वळवली याचा अर्थ जगाला काय कळला असेल?"

"पळाले ते सैनिक," ड्रीक म्हणाला. "तेही फोडलंच की."

"त्यांना आदेश होता."

आनेलीसबाई म्हणाल्या, "मला दुःख होतंय. पण सहाशे मीटरवर उभं राहून याने लोकांना दाखवलं की तेवढ्या अंतरावर माणूस सुरक्षित असतो. सहाशे किलोमीटरवरही नसतो. हा फार चुकीचा संदेश गेला."

पुन्हा अकरा विरुद्ध शून्य. ड्रीकला प्रमुखपदावरून काढलं. त्याला त्याचं फारसं काही वाटलं नाही. पोर जिवंत होती, घरी जेवत होती, बाकी सगळं गेलं चुलीत. मग नवा प्रमुख कोण, असा प्रश्न आला आणि सभेच्या अध्यक्षांनी रेडिओची नोंद वाचून दाखवली. सगळ्या दलात पुढे जाऊ म्हणणारा आवाज एकच होता.

टाळ्या पडल्या. स्विंकेल्स म्हणाला, निष्ठा असावी तर अशी. बाई म्हणाल्या, धैर्य असावं तर असं. ड्रीक मुलीकडे बघत राहिला. नाही म्हण, पोरी, नाही म्हण. लोनेका उठली आणि म्हणाली, "मी तयार आहे."

दुसऱ्या दिवशी ती गाडीच्या किल्ल्या न्यायला आली. ड्रीकने त्या टेबलावर ठेवल्या, पण वरचा हात उचलला नाही.

"लोने, एक वचन दे. परत तिथलं बोलावणं आलं तर थांबशील ना?"

तिचा आता राग उरला नव्हता.

"तुम्ही वळवली नसती तर थांबले असते, पपा," ती म्हणाली. "आता मी थांबले तर गाव म्हणणार, बापासारखीच निघाली. आता मला वळता येणार नाही."

ड्रीकने हात उचलला. तिने किल्ल्या घेतल्या, त्याच्या गालावर ओठ टेकवले आणि कामावर गेली.