साठ फ्रेममधला माणूस

शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, धुळ्यात देवपूरच्या घरी, कुंदनला लॅपटॉपवर त्याचा थोरला भाऊ दिसला. या भावाला त्याने सहा वर्षांपूर्वी स्वतःच्या हाताने अग्नी दिला होता.

काम साधं होतं. आई इंदिराबाईंचा पाय मोडल्यामुळे सोमवारच्या कानबाई देवीच्या विसर्जनाला त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच चोपड्याजवळच्या मूळ गावी जाता आलं नव्हतं. भाऊबंदांनी पाठवलेले फोटो आणि व्हिडिओ जोडून टीव्हीवर दाखवायचं कुंदनने कबूल केलं होतं. लवकर उरकावं म्हणून त्याने पहिली फिल्म ७२० रिझोल्यूशन आणि पंचवीस फ्रेमवर काढली. धाकटी बहीण डिंपल ती पाहून म्हणाली, सगळ्यांच्या तोंडांचं पिठलं झालंय, आणि फुगडीवाल्या बायका उचकी लागल्यासारख्या हलताहेत.

चुलतभाऊ लोटनच्या मोबाइलमधला मूळ व्हिडिओ फोर-के होता, सेकंदाला साठ फ्रेमचा. सगळं त्याच मापाने पुन्हा काढायचं ठरलं. हिसका कुठे बसतो हे पाहायला कुंदन एकेक फ्रेम सरकवू लागला. नाचणाऱ्यांच्या मागे केळीचा ट्रक उभा होता. ताडपत्री बांधणाऱ्या माणसाने मान वळवली. अकरा फ्रेमपुरता चेहरा, मग पुन्हा पाठ.

कुंदनने चित्र मोठं केलं. उजवी भुवई मधोमध तुटलेली होती. ती लहानपणी कुंदनच्याच विटीने तुटली होती.

"भाऊ, हाऊ कोन शे?" डिंपलने त्या चेहऱ्याकडे बोट करून विचारलं. आवाज इतका खाली गेला होता की उत्तर तिला ठाऊक असणार.

थोरला प्रेमराज अकरा वर्षांपूर्वी वडिलांशी भांडून घरातून गेला. पाच वर्षांनी तापीत एक मृतदेह सापडला. चेहरा उरला नव्हता. मनगटातलं तांब्याचं कडं पाहून कुंदनने ओळख पटल्याच्या कागदावर सही केली. तोपर्यंत कानबाईच्या नैवेद्याच्या रोटांचे गहू काढताना घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाच्या मुठीबरोबर प्रेमराजच्या नावाचीही मूठ इंदिराबाई टाकत, जावांनी टोमणे मारले तरी. कुंदनच्या शब्दावर त्यांनी ती मूठ बंद केली.

"तसलं कडं कुठल्याही जत्रेत मिळतं," डिंपल म्हणाली. "मग आपण जाळला तो कोण?"

त्या अकरा फ्रेम कुंदनने पुन्हा पाहिल्या.

आतल्या खोलीतून इंदिराबाईंनी फिल्म झाली का विचारलं. अजून निघतेय, असं त्याने सांगितलं. डिंपलचं म्हणणं पडलं की तेवढा तुकडा कापून टाकावा, खात्री झाल्यावर आईला सांगता येईल. कुंदन म्हणाला, "आईच्या वतीने मी एकदा ठरवलंय. आता कापणार नाही." पण दाखवायचं धाडसही त्याला होईना.

ट्रकचा नंबर स्वच्छ वाचता येत होता. तो आणि चेहऱ्याचं चित्र त्याने लोटनला पाठवलं. पावणेसहाला लोटनचा फोन आला. ट्रकचा मालक रावेरचा. त्याने चित्र ओळखलं. माणूस आपलं नाव वना सांगतो, तीन हंगामांपासून कामाला आहे. मंगळवारी चोपड्याहून माल घेऊन तो इंदूरला गेला. गुरुवारी परतताना सेंधव्याला उतरला. विसर्जनात आई दिसली नाही, एकदा धुळ्याला जाऊन येतो, असं चालकाला म्हणाला.

सेंधव्याहून धुळं दोन-अडीच तासांवर; पण तेव्हापासून त्याचा फोन बंद आहे.