वरुणाकाठचे तेवीस आवाज

मी शरदिनीबाईंचा टेपरेकॉर्डर बोलतोय. जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं बोललो. आज पहिल्यांदा स्वतःचं सांगतोय, तेव्हा कुठे अडखळलो तर सांभाळून घ्या.

माणसं ऐकलेल्यात मीठमसाला घालतात, मी घालत नाही. कुणी खोकलं तर तो खोकलाही जसाच्या तसा परत देतो. या गोष्टीचा मला फार तोरा होता.

कारखान्याची आठवण फारशी नाही. कुणीतरी माझ्या पोटात स्क्रू पिळले आणि खोक्यात घातलं, एवढंच. १९८१ साली इंदूरच्या एका यजमानाने मला काशीला आणलं आणि ब्रह्मा घाटावर नरहरगुरुजींच्या पुढ्यात ठेवलं. गुरुजी तीर्थोपाध्ये. महाराष्ट्रातून कुणी यात्रेकरू आला की त्याचं आडनाव, गाव, वडिलांचं आणि आजोबांचं नाव विचारायचं आणि वहीत उतरवायचं, हा त्यांच्या घरचा पिढीजात रिवाज. दृष्टी अधू झाल्यावर ते यजमानाला माझ्यासमोर बसवत, लाल आणि काळं बटण एकदम दाबत आणि म्हणत, "बोला, गाव कोणतं?" दुपारी त्यांची लेक शरदिनी माझ्याकडून ऐकून वही लिहायची. ज्याचं गाव वहीत आहे तो माणूस हरवत नाही, असं गुरुजी मानत. शरदिनीही मानायची, आणि त्यांचं ऐकून मीसुद्धा.

गुरुजी गेले. त्यांना मणिकर्णिकेवर नेलं तेव्हा मी कोनाड्यातच होतो. मुलीला उपाध्येपण करता येत नाही म्हणून वह्या तिच्या काकांकडे, बिंदुमाधवरावांकडे गेल्या. मी जुनाट म्हणून तिच्याकडे राहिलो.

शरदिनीने लग्न केलं नव्हतं. पुण्या-नागपूरचे लोक तिला पत्र टाकून विचारत, काशीतलं अमुक स्थळ कसं आहे, मुलगा पितो का, आधीचं लग्न झालंय का. चौकशी करण्यात ती इतकी तरबेज झाली की १९९० साली तिने दारावर पाटीच लावली : खासगी चौकशी. काका म्हणाले, "नसत्या उठाठेवी करतेस. लोग क्या कहेंगे?" ती म्हणाली, "लोक रोज येऊनच सांगतात, काका." कुठलाही माणूस आला की ती मला चालू करायची आणि पहिला प्रश्न तोच विचारायची, गाव कोणतं.

१९९४च्या जानेवारीत बकुळ आली. शिंदे घाटाजवळच्या धर्मशाळेत ती भांडी घासायची. सीमेपलीकडून आलेली, जवळ एकही कागद नाही. कडेवर तीन वर्षांची टुनी होती. वरुणा नदीच्या काठी, रेल्वेच्या बांधामागे, तिच्यासारख्यांची झोपडवस्ती होती. तिची धाकटी बहीण मोयना, लल्लन नावाच्या ठेकेदाराच्या गोदामात चिंध्या निवडायला जायची. एक दिवस ती परतली नाही. चौथ्या दिवशी वरुणेत सापडली. गळ्यावर दोरीचा वळ होता. आदल्या वर्षी त्याच गोदामातून आणखी एक बाई अशीच नाहीशी झाली होती.

शरदिनी बकुळला घेऊन पोलीस चौकीवर गेली. मी तिच्या पिशवीत होतो. दरोगा हसला. "मैडम, जो कागज पर थी ही नहीं, वो मरी कैसे?"

हे वाक्य शरदिनीच्या डोक्यात घुसलं ते निघेना. घरी येऊन तिने मला स्पिरिटच्या कापसाने पुसलं, नवे सेल घातले. म्हणाली, मोयना होती, हे आपण सिद्ध करायचं. वस्तीतल्या प्रत्येकाने आपलं नाव, गाव, बापाचं नाव सांगायचं आणि मग मोयनाबद्दल माहीत असेल ते सांगायचं. एवढी माणसं नावागावानिशी बोलली की ती नव्हतीच असं कुणाच्या बापाला म्हणता येणार नाही. मला तिचं पटलं होतं.

वस्तीत तिने मला उलट्या टोपलीवर ठेवलं. बकुळ पहिली बसली. बहिणीबद्दल ती न थांबता बोलली. लल्लन तिला एकटीला कसं मागे ठेवायचा, तिने कुणाला काय सांगितलं होतं, सगळं. गाव विचारल्यावर मात्र तिने मान हलवली.

"दीदी, गाँव मत पूछो."

"गाँव नहीं बताओगी तो कौन मानेगा कि मोयना थी?"

बकुळने टुनीला मांडीवर ओढून घेतलं. मग हळूच सीमेपलीकडच्या गावाचं नाव घेतलं. तिच्यामागून बाकीचे आले. तेवीस जण बोलले. एक म्हातारा तर गावाचं नाव घेताना रडायला लागला, कितीतरी वर्षांत त्याने ते उच्चारलं नव्हतं. मी सगळं घेतलं, हुंदक्यासकट. एवढं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

चौकीवर विश्वास नव्हता म्हणून शरदिनी थेट पोलिसांतल्या एका मोठ्या साहेबांकडे गेली. साहेबांनी चहा मागवला, सगळं लक्ष देऊन ऐकलं. म्हणाले, मशीनसुद्धा ठेवून जा, आवाज पडताळावे लागतील. रीतसर पावती दिली. पावती मिळाली म्हणून शरदिनी निर्धास्त झाली.

चार दिवसांनी सकाळी एका शिपायाने मला काखोटीला मारलं. बाहेर ट्रक उभा होता. वरुणेकाठचा रेल्वेचा बांध दिसला तेव्हा मला वाटलं, आता लल्लनला धरणार. लल्लन तिथे होताही. तो शिपायांना मातीच्या कुल्हडमधून चहा देत होता.

सगळ्यांना चुलींवरून उठवून रांगेत उभं केलं. दरोग्याने मला ट्रकच्या बॉनेटवर ठेवलं आणि बटण दाबलं. मी बोलायला लागलो. पहिला आवाज बकुळचा. माझं नाव बकुळ, माझं गाव अमुक.

"किसकी आवाज है ये?"

कुणी हललं नाही. त्याने कॅसेट मागे घेतली, पुन्हा लावली. मला गप्प बसायचं होतं, पण तसं मला येत नाही. बटण दाबलं की मी बोलतो. आईचा आवाज डब्यातून येतोय हे ऐकून टुनीला गंमत वाटली. ती खुदकन हसली, वळली आणि बकुळकडे बोट दाखवत म्हणाली, "मा."

पुढचे सगळे माझ्यामुळेच ओळखले गेले. एकेक आवाज, एकेक गाव. तेवीस जण ट्रकमध्ये चढले, आणि त्यांची पोरं. बकुळ शिपायांकडे बघत नव्हती. ती माझ्याकडे बघत होती. त्या नजरेची मला आजही लाज वाटते.

दुपारी शरदिनी वस्तीत पोचली तेव्हा चुली अजून गरम होत्या, असं तिने नंतर काकांना सांगितलं. मोयनाच्या प्रकरणात आता ना फिर्यादी उरला होता ना साक्षीदार. फाइल बंद झाली. कॅसेट साहेबांनी ठेवून घेतली, मला पावतीवर परत दिलं. पावती खरी होती.

"मी गाव का विचारलं, काका?" त्या संध्याकाळी तिने विचारलं.

"अगं, विचारायचंच असतं. गावाशिवाय माणूस कसला?" बिंदुमाधवराव म्हणाले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आपल्यात तसंच विचारतात. शरदिनी उठून आत गेली आणि दोन दिवस जेवली नाही.

तीन वर्षांनी एका दुपारी बकुळ दारात उभी राहिली. शरदिनीने तिला ओळखलंच नाही, इतकी ती वाळली होती. टुनी बरोबर नव्हती. बकुळने सांगितलं, सीमेवर इकडचे शिपाई पुढे ढकलत होते, तिकडचे आत घेत नव्हते. नऊ दिवस सगळे मधल्या शेतात बसून होते. सहाव्या दिवशी टुनीला ताप आला.

शरदिनी जमिनीवर बसली. तिने बकुळचे पाय धरले. बकुळने पाय मागे घेतले नाहीत आणि तिला उठवलंही नाही.

मग बकुळ म्हणाली, "लल्लन के गोदाम में अभी भी लड़कियाँ जाती हैं. मैं फिर बोलूँगी."

सवयीने शरदिनीचा हात माझ्याकडे आला. मग तिने मला उचललं, फडक्यात गुंडाळलं आणि कपाटात ठेवून दार लावलं. बकुळ जे बोलली ते शरदिनीने पेन्सिलने लिहून घेतलं. मोयनाच्या नावापुढे फक्त "बकुळची बहीण" असं लिहिलं. त्या कागदांच्या जोरावर तिने कोर्टात अर्ज केला. एक वर्ष झालं. तारखा पडताहेत. लल्लन आता वॉर्डातून निवडणुकीला उभा राहणार आहे म्हणतात.

मागच्या महिन्यात दरोगा घरी आला. बकुळ शहरात कुठेतरी आहे, हे त्याला कळलं होतं.

"कहाँ की है वो?"

"पूछा नहीं," शरदिनी म्हणाली.

"आप तो सबसे पूछती हैं."

"अब नहीं पूछती."

त्याने कपाट उघडून मला बाहेर काढलं आणि बटण दाबलं. माझ्यात कॅसेट नव्हती. चाकं नुसती फिरली, खरखर झाली. तो मला तिथेच टाकून गेला. कोपरा फुटलाय, झाकण नीट बसत नाही. शरदिनी मला दुरुस्त करायला देत नाही आणि भंगारातही देत नाही.

एवढं सगळं मी तुम्हाला सांगितलं. साहेबांचा चहा सांगितला, टुनीचं हसू सांगितलं. तुम्ही चांगली माणसं दिसता, आणि चांगल्या माणसांनाच विचारायची सवय असते. म्हणून हात जोडून सांगतो, बकुळचं गाव मला विचारू नका. मला ते पाठ आहे. मी ते सांगणार नाही.