मनगटातला भाऊ

शालनच्या उजव्या मनगटात तिचा धाकटा भाऊ तानाजी राहत होता, हे अँजिओप्लास्टीच्या टेबलावर कळलं. डॉक्टरांनी मनगटाच्या नसेत बारीक नळी घातली, तार पुढे सरकवली, ती बोटभर आत जाऊन अडली. पडद्यावर चार विटांचा ओटा दिसत होता आणि ओट्यावर तानाजी मांडी घालून चहा पीत होता.

"बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाले. "बाईंच्या काळजाला रक्त पोचत नाही. तासाभरात वाट झाली नाही तर अवघड आहे."

"जागा माझ्या नावावर हाय. आक्कानंच लिहून दिलीया."

शालनला आठवलं. वडील गेल्यावर वर्षश्राद्धाच्याही आधी तो तिला कचेरीत घेऊन गेला होता. जिना चढताना हेच मनगट धरलं होतं, किती मायेनं. शेताच्या हक्कसोडपत्रावर तिनं न वाचता सही केली. भावानं पुढं केलेला कागद कोण वाचत बसतं?

"तान्या, मनगट कधी दिलं रं मी तुला?"

"त्यातच हुतं, आक्का. तिसऱ्या पानावर. आन् तुझं काय अडतंय? तुला दुसरी नस हाय की."

तेव्हाही तो असंच म्हणाला होता, तुला सासरचं हाय की.

डॉक्टरांनी तिचा तळवा दाबून पाहिला. करंगळीकडची नस चालू होती, तळवा गुलाबी होता. "त्यांचं बरोबर आहे," ते म्हणाले, "हात जगेल."

"आन् मी?" शालननं विचारलं.

आईमागं तिनंच त्याला वाढवलं होतं, आणि त्यानं तिचा केसानं गळा कापला होता. तिला रडू आलं नाही, संताप आला. "मांडीतनं जावा, डॉक्टर."

"जाऊ की. तेवढी संमतीची सही लागेल."

तिचा उजवा हात फळीला पट्ट्यांनी बांधलेला होता. नर्सनं कागद त्याच हाताखाली सरकवला. या वेळी शालननं सगळा वाचला. दुसऱ्या पानावर मांडीची नस होती, तिसऱ्यावर काळीज, सगळं राजीखुशीनं तानाजीला.

"मी सही करणार न्हाई," ती म्हणाली.

पडद्यावर तानाजीनं कप खाली ठेवला, बाह्या सरसावल्या आणि आतून तिची बोटं धरली, मायेनं. शालन बघत राहिली. उजव्या हातानं पेन उचललं आणि तिचं नाव लिहायला घेतलं, अगदी तिच्याच अक्षरात.