ओलेबुवाचं रडकं झाड

भर उन्हाळा. नळाला करंगळीएवढी धार. आणि आमच्या गल्लीतलं झाड मात्र टपटप गळत होतं! खाली ही गर्दी. कुणी वाटी धरलेली, कुणी नुसतंच तोंड वासून उभं. कट्ट्यावर डोळे मिटून ओलेबुवा.

हा ओलेबुवा म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. लिहितानासुद्धा कान तापतात. एकाही कामावर टिकला नाही म्हणून माझ्याकडे राहायला आला, आणि बुवा झाला. गल्लीत माझ्या इस्त्रीच्या दुकानाला नाव होतं; आता लोक मला 'बुवांची ताई' म्हणू लागले.

"झाड रडतंय, भक्तांनो! तुमच्यासाठी रडतंय! जे आपल्याला पाणी देतं, त्याला पाणी घालून अपमान कराल? एक थेंब घाला, कृपा आटलीच समजा!"

लोकांनी झाडाचं पाणी तोडलं. वर भक्ती म्हणून बुंध्याभोवती सिमेंट ओतलं, थेट सालीपर्यंत. मुळांना श्वास घ्यायलाही फट ठेवली नाही.

माझं इस्त्रीचं टेबल त्याच झाडाच्या सावलीत. झाड गेलं तर उन्हात माझा पापड होणार. आणि झाड जातच होतं. शेंडे मुरडलेले, पानांवर काजळी. त्याखाली वाळलेल्या चादरींवर इस्त्री फिरवली की ती चिकटायची आणि करपलेल्या पाकाचा वास सुटायचा.

"काय रे, पाणी करपतं होय?" मी भावाला विचारलं.

"ताई, तू चौथी शिकलेली. तुला नाही कळायचं."

"आणि तू दहावीत मुक्काम ठोकलेला. तुला कळतं?"

तो हसला. मीही दुपारचं ताट कट्ट्यावर पाठवत राहिले. आपलंच माणूस, चारचौघांत कशाला उघडं पाडायचं!

शेवटी नणंदेला बोलावलं. त्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांनी एक पान उलटं केलं आणि भिंग माझ्या हातात दिलं. पानामागे हिरव्या किड्यांची नुसती खच्चून दाटी! कणीहून बारीक. मुंग्या त्यांच्यामागे फिरत होत्या.

"हे काय करतायत, वन्सं?"

"झाडाचा रस पितात, वहिनी. आणि जास्तीचा गोड रस मागून सोडतात."

"मागून म्हणजे?"

"मागून म्हणजे मागूनच."

वन्संनी साबणाच्या पाण्यानं एकच फांदी धुतली, नळीचं तोंड दाबून पानांच्या खालून जोरात पाणी मारलं. भाऊ ओरडला, "कृपा आटेल!" गर्दी गुरगुरली. मी इस्त्री हातात घेऊन मध्ये उभी राहिले. मग कोण पुढे येतंय!

धुतलेल्या फांदीखाली मी एक चादर बांधली, दुसरी शेजारच्या फांदीखाली. सकाळी सगळ्यांसमोर दोन्हींवर इस्त्री फिरवली. पहिलीवर सरसर गेली. दुसरीला चिकटली, आणि तोच वास.

वन्संनी भिंग गर्दीत फिरवलं. वाट्या एकेक करून खाली गेल्या.

"म्हणजे आम्ही प्यायलो ते..."

"किड्यांचं," वन्सं म्हणाल्या.

"मी डोळ्यांत घातलं हो!" शिंपीणबाई तिथंच खाली बसली.

"पण पाण्यानं कृपा थांबते, हे बुवांचं खरंच निघालं की!" कुणीतरी म्हणालं.

"थांबणारच. पाण्यानं किडे धुऊन जातात."

मी भावाकडे बघितलं. "तुला हे कधी कळलं?"

तो खाली बघून म्हणाला, "आधीच. सुरुवातीला मीच एकदा पानांवर नळी मारली, तेव्हा थेंब थांबले होते."

म्हणजे झाड वाचवायचा उपाय ह्याच्या हातात होता, आणि ह्यानं त्यावरच बंदी घातली! माझ्या घरचं जेवून. मला गल्लीत कुणाकडे बघवेना. गल्लीलाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

मी घरातून पहार आणून त्याच्या हातात दिली. "फोड."

त्यानं सिमेंट फोडलं. लोकांनी राडारोडा उचलला. झाड पानांच्या मागच्या बाजूपर्यंत धुतलं, मुळांना सावकाश पाणी दिलं, वर पालापाचोळा अंथरला.

बाबांनो, झाड गळायला लागलं तर वाटी धरू नका. पान उलटून बघा. त्याला कृपा मागू नका, पाणी द्या. न कळलं तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

निम्मं झाड वाचलं. वाळलेल्या बाजूनं आता दुपारी ऊन थेट माझ्या टेबलावर येतं. भाऊ म्हणतो, "ताई, टेबल सरकवू का?"

"राहू दे," मी म्हणते. "लागू दे जरा मलाही."