अठरा की एकोणीस

कप्तानाच्या पायाला त्या दिवसांत भिंगरी लागली होती. तो काही जहाजावरचा कप्तान नव्हे, लांब पल्ल्याची प्रवासी बस चालवणारा ड्रायव्हर. उन्हासाठी पांढरी टोपी घालायचा, म्हणून डेपोत कुणीतरी हे नाव पाडलं आणि ते त्याला चिकटलं. पण आता ना बस होती, ना टोपी. उताराच्या रस्त्यावर बसचा पुढचा डावा टायर फुटला, बस रस्ता सोडून बांधावर चढली आणि कलंडता कलंडता राहिली. पुढे चौकशी झाली. ड्रायव्हरची चूक नाही, उलट त्याने सावरली म्हणून माणसं वाचली, असं ठरलं. साहेबांनी पाठ थोपटली आणि म्हणाले, हवी तेवढी रजा घे.

त्या रजेनेच त्याचं डोकं फिरायची वेळ आली. घरात त्याचं बूड एका जागी टेकेना. धुतलेली भांडी पुन्हा धुवायचा. कपाट या भिंतीवरून त्या भिंतीला न्यायचा, दुपारी पुन्हा जागेवर आणायचा. दारांच्या बिजागऱ्यांना इतकं तेल पाजलं की दारं आपसूक उघडायला लागली.

"अहो, ते कपाट आता स्वतःच चालायला लागेल," बायको म्हणाली. "बसा ना जरा!"

"बसलोय की," तो उभ्या उभ्याच म्हणाला.

बायको धीराची होती, पण धीरालाही तळ असतो. तिने आपल्या धाकट्या बहिणीला फोन लावला.

धाकटी दातांची डॉक्टर. दवाखान्यामागच्या गॅरेजात तिने दोन दारांची एक जुनी, बसकी स्पोर्ट्स कार आणून ठेवली होती. तिला ती रुंद करायची होती, म्हणजे चाकांवरचा पत्रा कापून त्या जागी मडगार्डासारखे फायबरचे फुगीर पंखे बसवायचे, म्हणजे गाडी कशी छाती काढून उभी राहिल्यासारखी दिसते. आईने कपाळाला हात लावला होता. "लोकांच्या पोरी दागिने घेतात, ही भंगार घेते."

"भावोजी," धाकटी फोनवर म्हणाली, "मला एक हात कमी पडतोय. येताय का?"

त्याने पायात चपला सरकवल्या आणि फोन चालू असतानाच तो जिना उतरला.

पत्रा कापताना, रिव्हेट मारताना, फायबर घासताना त्याला बरं वाटायचं. हात गुंतलेले असले की डोकं गप्प बसायचं. धाकटी सकाळी लोकांचे दात कोरायची आणि दुपारी तोच मास्क लावून गाडी कोरायची. दोघं फार बोलत नसत. "धरा." "सोडा." "अजून थोडं." एवढ्यावर काम चालायचं. होता होता गाडीचं अंग भरलं, रंग चढला. फक्त चाकं तेवढी नव्हती. चार लोखंडी घोड्यांवर ती अधांतरी उभी होती, अंगावर भरजरी कपडे आणि पाय अनवाणी, तशी.

आणि इथेच घोडं अडलं.

मापं धाकटीनेच घेतली. चाक आत किती जाऊ शकतं, बाहेर किती येऊ शकतं, हे तिने दातांचा साचा घ्यायच्या, लुकणासारख्या मऊ गुलाबी पुटीने मोजलं. पंख्याच्या आत पुटीचे गोळे चिकटवायचे, चाक म्हणून लाकडी चकती बसवून स्टिअरिंग पूर्ण फिरवायचं आणि पुटी कुठे किती दबली ते पाहायचं. "माणसाच्या जबड्यापेक्षा सोपं आहे," ती म्हणाली. "गाडी तोंड मिटत नाही."

रुंदी ठरली. मागची चाकं पुढच्यांपेक्षा रुंद, हेही ठरलं. राहिला प्रश्न अठरा इंची की एकोणीस इंची, आणि त्यांवर टायर कसला. धाकटीचा जीव एकोणीसवर होता. चाक मोठं, टायरचा पट्टा अगदी बारीक, तोही रिमपेक्षा अरुंद घेऊन दोन्हीकडून ताणून बसवलेला. गाडी जमिनीला टेकल्यासारखी दिसते.

कप्तानाने पुठ्ठ्याच्या चकत्या कापल्या, अठराच्या, एकोणीसच्या, जाड टायरच्या, पातळ टायरच्या. एक लावायचा, मागे सरकून बघायचा, काढायचा, दुसरी लावायचा. सोमवारी अठरा म्हणायचा, मंगळवारी एकोणीसही वाईट नाही म्हणायचा, बुधवारी दोन्हींना नावं ठेवायचा. टायरच्या कंपन्या बदलल्या, रबराची जात बदलली, नक्षी बदलली. गॅरेजच्या कोपऱ्यात चकत्यांचा ढीग कमरेपर्यंत आला.

"भावोजी, चाकं घ्यायची आहेत, जावई शोधायचा नाहीये," धाकटी म्हणाली.

"जावई फुटला तर घरी परत पाठवता येतो," तो म्हणाला. ती हसली. तो हसला नाही.

घरी जाताना तो आता रस्त्याने सरळ चालतच नसे. उभ्या गाड्यांपाशी थांबायचा, वाकायचा, टायरवर हात फिरवायचा, कडेला कोरलेला बनावटीचा आकडा वाचायचा. एका दुकानासमोर तो असाच एका गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता, तेवढ्यात गाडीचा मालक पिशव्या घेऊन दुकानातून बाहेर आला.

"ओ! काय काढताय तिथून?"

"काही नाही. तुमच्या टायरला आतल्या बाजूने फुगा आलाय. बघा, हात लावा."

"हात तुम्ही काढा आधी!"

"अहो, फुटेल तो! वेगात असलात तर..." कप्तानाचा आवाज चढला. माणसं वळून बघायला लागली. मालकाने गाडी चालू केली आणि तो निघून गेला. कप्तान वळणापर्यंत तिच्यामागे धावला. घरी आला तेव्हा शर्ट घामाने भिजला होता. बायकोने विचारलं तर म्हणाला, चालून आलो.

शेवटी धाकटीनेच तोडगा काढला. "चला, दुकानात जाऊ. पुठ्ठ्याकडे बघून काही कळत नाही. लोखंड बघू."

चाकांचं दुकान म्हणजे पुढे काचेची चकचकीत खोली, मागे टायर चढवायची यंत्रं. भिंतीवर चाकं टांगलेली. दुकानदार गोलमटोल, बोलका. धाकटीने माप सांगताच त्याचे डोळे चमकले. "ताई, तुमच्यासाठीच ठेवल्यासारखा एक सेट आहे." त्याने आतून ढकलत आणली ती तीन भागांची, बोल्ट मारून जोडलेली, खोल वाटीची एकोणीस इंची चाकं. धाकटीने त्या वाटीत कोपरापर्यंत हात घातला आणि तिचा चेहरा असा झाला की कप्तानाला कळलं, आता संपलं.

"यावर टायर ताणूनच बसवायचा," दुकानदार म्हणाला. "दिसायला बघा काय दिसतो!"

"दिसायला," कप्तान म्हणाला. "आणि खड्ड्यात गेली की? कडेला घासली की? रबर कुठंय त्यात? चालवणार कशावर, हवेवर?"

"भावोजी, लोक चालवतात."

"लोक मरतातही!"

धाकटीचे कान लाल झाले. "एवढं काय झालं? माझी गाडी आहे. तुम्हाला अठरा हवी तर हवी म्हणा, पण तेही म्हणत नाही. काल तुम्हीच अठराला नावं ठेवलीत. नक्की हवंय काय तुम्हाला?"

तेवढ्यात मागच्या खोलीत कुणाच्या तरी रुंद रिमवर टायर चढवून कारागिराने हवा भरली. टायरची कड रिमच्या खाचेत बसताना आवाज होतो, नेहमीचाच. फाट्! आणि लगेच दुसऱ्या बाजूचा. फाट्!

कप्तान कुठे गेला ते धाकटीला क्षणभर कळलंच नाही. तो काउंटरच्या आडोशाला जमिनीवर होता, गुडघे छातीशी, आणि दोन्ही हात समोर धरलेले, मुठी आवळलेल्या, नसलेलं स्टिअरिंग उजवीकडे ओढत असलेले. दात एवढे घट्ट दाबलेले की तिला, सवयीने, आधी ते तुटतील हीच भीती वाटली.

ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली. दुकानदाराने मागे जाऊन यंत्र बंद करायला सांगितलं, पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि काही न बोलता काचेचं दार बाहेरून लावून घेतलं. बोलका माणूस, पण त्याला कधी गप्प बसावं तेही कळत होतं.

बऱ्याच वेळाने मुठी सुटल्या.

"मी त्याला हात लावला होता," कप्तान म्हणाला.

"कशाला?"

"त्या टायरला. सकाळी. मी रोज निघायच्या आधी सगळ्या चाकांवरून हात फिरवतो. त्यालाही फिरवला होता. काही नव्हतं गं. चीर नाही, फुगा नाही, काहीच नाही. काही असतं तर म्हटलं असतं, माझं लक्ष नव्हतं. पुढच्या वेळी नीट बघेन. पण मी नीटच बघितलं होतं. आता सांग, पुढच्या वेळी काय बघू?"

दवाखान्यात घाबरलेल्या माणसाला धाकटी रोज म्हणायची, काही होणार नाही. इथे ते तिच्या तोंडून निघेना.

"दुसऱ्या रांगेत एक बाई होत्या," तो म्हणाला. "त्यांचा खांदा गेला. मी भेटायला गेलो तर त्यांनी उलट मलाच चहा दिला. डाव्या हाताने."

"ताईला हे माहीत आहे?"

"नाही. ती म्हणेल, विसरा."

"नाही म्हणणार," धाकटी म्हणाली. "हे बघा, मी खोटं सांगणार नाही. ताईने सांगितलं म्हणून मी तुम्हाला बोलावलं. पण आता तुमच्याशिवाय ही गाडी होणार नाही, हेही खरं. मला कधीच न फुटणारा टायर मिळणार नाही. तुम्हालाही नाही. असा कुणी बनवतच नाही. मग जो बऱ्यापैकी चांगला आहे तो घेऊ आणि उठू, कारण ही फरशी फार गार आहे."

तो उठला. चेहरा धुऊन आला आणि त्याने खोल वाटीच्या चाकांना एक शेवटची प्रदक्षिणा घातली.

"सुंदर आहेत," तो म्हणाला. "पण नको. अठरा. टायर रिमच्या रुंदीचाच, ताणायचा नाही. कडेला बोटभर तरी रबर दिसलं पाहिजे."

"वाटी?"

"वाटी मिळेल तेवढी खोल घे. वाटीशी माझं भांडण नाही."

दुकानदाराने अठरामध्ये तशीच वाटी शोधून दिली. तेवढी खोल नव्हती. धाकटी परत येताना मधेमधे सुस्कारे टाकत होती.

चाकं बसली, गाडी घोड्यांवरून उतरली. पहिल्या फेरीला धाकटी चालवायला बसली आणि कप्तान शेजारी. गल्लीच्या टोकाला वळताना पुढून खर्र असा आवाज आला. "थांब! थांब! थांब!" तो दार उघडून गाडी थांबायच्या आत बाहेर. टायर पंख्याच्या आतल्या कडेला किंचित घासत होता, एवढंच. धाकटीने दात घासायचं बारीक यंत्र आणून तेवढी कड उतरवली. मग किल्ली पुढे केली. "आता तुम्ही."

"उद्या."

उद्या आला, तोही गेला. तो गाडी पुसायचा, नट आवळायचा, हवा मोजायचा, पुन्हा मोजायचा. आत बसायचा नाही.

एका दुपारी त्याची बायको गॅरेजात आली. धाकटीने तिला काय आणि किती सांगितलं होतं कोण जाणे. तिने गाडीभोवती एकदा नजर फिरवली, पर्स काखेत मारली, दार उघडलं आणि त्या बादलीसारख्या सीटमध्ये स्वतःला सोडून दिलं.

"चला," ती म्हणाली. "मला फिरवून आणा."

"धाकटीला सांग."

"तिच्याबरोबर मी बसणार नाही. ती दात उपटते तशी गिअर टाकते."

"ताई!" धाकटी आतून ओरडली.

कप्तान दारापाशी उभा राहिला. बायको समोर काचेकडे बघत होती, पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. भीती तिलाही वाटत होती, आणि तरी ती येऊन बसली होती. हे पाहिलं आणि त्याला बाहेर उभं राहवेना.

पहिल्या गिअरला तळहात ओले होते. खडा चाकाखालून उडून पत्र्यावर वाजला, तसं त्याने स्टिअरिंग घट्ट धरलं. बायको अखंड बोलत होती, शेजारणीचा नवा पडदा, भावाचा फोन, गळका नळ. तिला उत्तरं नको होती. गल्ली संपली, मोठा रस्ता आला, पुढे उतार आला. त्याने पाय ब्रेकवर ठेवला, मग उचलला, मग पुन्हा ठेवला. उतार लांब नव्हता. खाली पोचल्यावर बायकोच्या तोंडची शेजारीण अर्ध्यातच राहिली.

"संपला?" तिने विचारलं.

"संपला."

"मग तिसरा टाका की. मागचा भोंगा वाजवतोय."

त्याने तिसरा टाकला.

परत आले तेव्हा तिला त्या सीटमधून उठता येईना. एक पाय बाहेर, एक आत, आणि हसून हसून अंगातली ताकद गेलेली. त्याने दोन्ही हात धरून तिला ओढून काढलं. धाकटी हातमोजे घालूनच धावत आली. पेशंट खुर्चीत तोंड उघडून बसला असावा.

"कशी आहे? सांगा ना, कशी आहे?"

"माझ्या कमरेला विचार," बायको म्हणाली.

कप्तान पुढून गाडीकडे बघत होता, कपाळाला आठी घालून.

"डावीकडे ओढतेय जराशी. चाकांची अलाइनमेंट करून आणायला हवी."

"मग? टो करून नेऊ?"

"टो कशाला?" तो म्हणाला. "मीच नेतो." आणि कुणी काही म्हणायच्या आत तो पुन्हा आत बसला.