ताईची वाक्यं

पहिल्याच तासाला मॅडमनी वर्गातले सगळे खोडरबर गोळा केले, खिडकीतल्या रिकाम्या कुंडीत टाकले आणि म्हणाल्या, "वर्ष संपलं की आपापले घेऊन जा." दुपारपर्यंत त्यांचं नाव खोडरबर मॅडम पडलं होतं. विषयाचं नाव लेखन. पहिल्या वर्षाला तो सगळ्यांना सक्तीचा होता, म्हणून कुणालाच आवडत नव्हता. मला मात्र खात्री होती की इथे आपण भाव खाऊन जाणार. शाळेत निबंधाचं बक्षीस सलग चार वर्षं माझ्याकडे होतं.

मग मॅडमनी नियम सांगितला. "पेनानं लिहायचं. चुकलं की एक आडवी रेघ मारायची, गिरगटायचं नाही. खाली काय होतं ते मला वाचता आलं पाहिजे. आणि पक्क्या कागदामागे कच्चा कागद टाचून द्यायचा. कच्चा नसेल तर पक्का मी वाचणार नाही."

शेजारची मुलगी फिदीफिदी हसली. माझ्याकडे कच्चा कागद कधीच नसायचा. माझे निबंध ताई सांगायची.

आमची लाँड्री होती. पुढच्या खोलीत काउंटरवर बाबा, मागच्या खोलीत इस्त्रीचं टेबल आणि टेबलापाशी ताई. माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. आईची कंबर धरली तेव्हा ताई दहावी झाली होती, आणि आई बरी होईपर्यंत म्हणून ती टेबलापाशी उभी राहिली. आई बरी झाली, चालती-फिरती झाली, पण ताईला तिथून हल असं कुणी म्हटलं नाही. मीही नाही. मी कपड्यांच्या गाठोड्यावर वही घेऊन बसायची आणि ताई इस्त्री फिरवता फिरवता वाक्यं सांगायची. कॉलरला एक, दोन बाह्यांना दोन, पाठीला लांबलचक एक. शर्ट हँगरला लागेपर्यंत परिच्छेद तयार. मध्ये अडखळणं नाही, "थांब, ते खोड" नाही. मी फक्त सुवाच्य अक्षरात उतरवून घ्यायची आणि बक्षीस घ्यायला स्टेजवर जायची. माझं अक्षर खरंच सुंदर होतं, एवढं श्रेय तरी मला द्या.

कॉलेजात प्रवेश मिळाला तेव्हा ताईनं माझी सगळी पुस्तकं खाकी कागदाची कव्हरं घालून, त्यांवरून कोमट इस्त्री फिरवून दिली होती. "आपलं कॉलेज" असं ती म्हणायची. तेव्हा मला त्याचा राग यायचा. आता नाही येत.

पहिलं काम मिळालं: आपल्या घरात रोज होणारं एखादं काम, दोन पानं. ताई खूश झाली. "हे तर आपल्या हातातलं आहे," म्हणाली आणि तीन शर्टांत निबंध संपवला. सुरुवात होती, "श्रम हे जीवनाचं खरं सौंदर्य आहे आणि इस्त्री हे त्या सौंदर्याचं रोजचं दर्शन आहे." शेवट त्याहून भारी. मी उतरवून घेतलं. पक्का कागद झाला. कच्च्याचं काय?

"त्यात काय मोठंसं," ताई म्हणाली. "मुद्दाम वाईट वाक्यं लिही, ती खोड आणि त्यांच्या खाली माझं चांगलं लिही. झाला तुझा कच्चा कागद."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या वाचनालयात जाऊन मी तो उद्योग केला. लबाडीसुद्धा मन लावून करावी लागते हे मला तिथे कळलं. वाईट वाक्यं सुचेनात. शेवटी डोळ्यांपुढे येत होतं तेच लिहिलं, कारण ते निबंधात घालण्याजोगं नाही याची मला खात्री होती. "ताई उजव्या पायावर भार देऊन उभी राहते. डावा दुखतो, पण ती सांगत नाही." खोडलं. खाली श्रमाचं सौंदर्य लिहिलं. "तिच्या मनगटावर वाफेचे तीन डाग आहेत. नवा डाग पडला की ती बांगडी खाली ओढते." खोडलं. मग हात सुटलाच. "लोकांच्या खिशात विसरलेले कागद ताई इस्त्रीनं सपाट करून पाकिटात घालते. आधी वाचते. कॉलेजच्या मुलांचे कागद ती जास्त वेळ वाचते." हे मी कधी पाहिलं होतं ते मला आठवेना. खोडलं, एका रेघेनं, अगदी नियमाप्रमाणे. दोन्ही कागद टाचले आणि देऊन टाकले. जीव भांड्यात पडला.

आठवड्यानं मॅडमनी सगळ्यांचे कागद परत दिले, माझे सोडून. तास संपल्यावर मला थांबायला सांगितलं.

"खोडलेलं तू लिहिलं आहेस," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं. "न खोडलेलं कुणाचं?"

खोटं बोलायची तयारी मी जिन्यातच केली होती, पण ऐन वेळी तोंडातून "ताईचं" एवढंच निघालं.

मला वाटलं आता प्राचार्य, आता बाबा. मॅडमनी पाण्याचा घोट घेतला. "नेटकं लिहिते तुझी ताई. पण ती तुला निबंध सांगते आहे, आणि तू मला ताई सांगते आहेस. सोमवारपर्यंत हे खोडलेलं घेऊन दोन पानं पुरी कर. तुझी तू. नाहीतर माझ्या वर्गात बसू नकोस."

खरं सांगायचं तर मी आनंदानं फुलायला हवं होतं. उलट मी कॉलेजच्या फाटकापाशी अर्धा तास घुटमळत राहिले. वर्गातून काढतील याची भीती होतीच, पण ताईला काय सांगायचं ही भीती मोठी होती. माझा हात धरून ती या कॉलेजात आली होती आणि मला तो हात सोडवून घ्यायचा होता. तिला न दुखवता तो कसा सोडवायचा, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी पोचले तर ताईनं इस्त्री उभी करून ठेवली. "किती मिळाले आपल्याला?"

"गुण नाही देत त्या. नेटकं आहे म्हणाल्या."

"नेटकं?" शब्द तिनं जिभेवर घोळवला. "मग चेहरा का असा पाडलायस? आण बघू."

मी कागद दिले. तिनं वरचा पाहिलाच नाही, तो तिला पाठच होता. तिनं मागचा उलटला. खोडलेल्या प्रत्येक ओळीशेजारी मॅडमनी लाल पेनानं लिहिलं होतं, "हे का खोडलं?" ताई वाचत राहिली. खूप वेळ वाचत राहिली. पुढच्या खोलीत बाबा कुणाला तरी, उद्या संध्याकाळी नक्की, असं सांगत होते.

"पाय दुखतो हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी नाही. दिसतं."

"आणि ते कागदांचं?"

मी गाठोड्याची गाठ सारखी करू लागले.

तिनं कागद घडी न करता परत दिला. "खोडायचं होतं तर माझं खोडायचं. स्वतःचं कशाला खोडलंस, वेडे?" आवाज चिडका होता, पण तो नेहमीचाच चिडका होता. "कधीपर्यंत द्यायचंय?"

"सोमवारी. मी एकटीनं लिहायचं आहे."

"मग बस की. मी काही बोलणार नाही."

मी गाठोड्यावर बसले. तिनं शर्ट ओढला, पाण्याचा फवारा मारला, कॉलर सरळ केली. खोलीत वाफेचा आवाज तेवढा होता. पहिलं वाक्य यायला दोन शर्ट लागले. दुसरं लवकर आलं. मग कुणीतरी पाठीवरून हात काढून घेतल्यावर सायकल आपोआप चालू राहते तसं चालू राहिलं आणि मी मान खाली घालून अख्खं पान भरलं. तेवढा आनंद मला पुढे पुस्तकं छापून आल्यावरही झाला नाही.

पान उलटताना सहज वर पाहिलं. ताई माझ्याकडे पाठ करून उभी होती. समोरच्या खिडकीच्या अंधारलेल्या काचेत तिचा चेहरा दिसत होता आणि तिचे ओठ हलत होते. कॉलरला एक, बाह्यांना दोन. आवाज नव्हता. काय म्हणतेस, एवढं विचारायला एक क्षण पुरला असता. पण माझं वाक्य अर्धं राहिलं होतं, आणि मी पुन्हा मान खाली घातली.